पालक-सदस्यांसाठी सूचना : अठरावं लागण्याआधी
आपली अपंग मुलं चौदा-पंधराची झाली की त्यांच्या मोठेपणाच्या तयारीला लागा. बालरोगतज्ज्ञ सोडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असेल, तर आधी एकदा नुसता दवाखाना दाखवून आणा. बसायची जागा, तपासणीची खोली यांचे फोटो क्रमाने लावून द्या. डॉक्टरांनी मुलाला विचारलं की उत्तर आपण द्यायचं नाही. वेळ लागू द्या. (आपल्यालाच ते जड जातं!) बोलत नसेल तर चित्रकार्डं किंवा टॅब सोबत हवाच.

नोकरी, पैसे, राहणं याबद्दल परस्पर ठरवू नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्र करारात (२००६) कलम १२ प्रमाणे कायद्यापुढे त्यांची निर्णयक्षमता इतरांइतकीच धरली जाते.

पुढच्या बैठकीला मुलांनाही आणा. गर्दी नको असणाऱ्यांसाठी शेजारची खोली मोकळी ठेवू.