खाणीच्या पंपावरच्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी नदीकाठच्या बंद कोळसा खाणीच्या कॉलनीत एक बाई रायमुनियाच्या झुडपांत सरळ शिरत होती. तुम्ही बांधावरून ओरडलात, "ओ बाई, थांबा! तिकडं पाय टाकू नोका, खाली पोकळ हाये." ती बाई मी. तुमच्याकडे मोबाइल नाही आणि निघताना पत्ता घ्यायचं मला सुचलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. घुग्घुस, वणी भागातल्या कुणी वाचलं तर त्यांना वाचून दाखवा. कॉलनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ओस पडलेलं गाव बघायला पोरं मोबाइल घेऊन येतील, आणि तुम्ही रोज बांधावर असालच असं नाही.

मी त्याच कॉलनीत जन्मले. बाबा लोडर होते, टोपलीनं कोळसा टबात, म्हणजे रुळांवरच्या छोट्या डब्यात भरायचे. मी नऊ वर्षांची असताना खाण बंद झाली, बाबांची बदली उमरेडकडे झाली आणि एका ट्रकमध्ये आमचा संसार निघून गेला. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या पेटीत पितळेचा हाजरीचा बिल्ला सापडला, त्यावर फक्त नंबर. तो नंबर कुठे टांगला जायचा ते बघायला मी आले होते. दुसरं काही काम नव्हतं.

तुम्ही मला आधी जमिनीतली भेग दाखवलीत. रात्री पाऊस पडून गेला होता आणि तिच्यातून वाफेसारखं काहीतरी वर येत होतं. मी वाकून बघायला गेले तर तुम्ही दंड धरून मागे ओढलं. आत राहिलेल्या कोळशाला हवा लागली की तो आपोआप तापतो, आगीची काडी लावावी लागत नाही, आणि त्यातून निघणाऱ्या वायूनं माणूस वासही न येता पडू शकतो, हे खाणकामगाराची मुलगी असून मला माहीत नव्हतं. कोळसा काढताना खाली गल्ल्या पाडतात, मध्ये कोळशाचेच पिलर ठेवतात. पुढे तेही काढले की छत खाली बसतं आणि वरची जमीन त्याच्यामागे जाते. "जमीन काही इचारून खचत नाई," तुम्ही म्हणालात.

मग हाजरीघर. छप्पर नाही, दारंखिडक्या लोकांनी केव्हाच काढून नेल्या, आत कडुनिंब उगवलेला. शेजारी लॅम्परूम, खाणीत न्यायचे दिवे ठेवायची खोली. बिल्ल्यांची फळी उरली असेल अशी वेडी आशा मला होती. फळी नव्हती, भिंतीत बोल्टची भोकं तेवढी होती. तुम्ही बिल्ला हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, भिंतीशी गेलात आणि खांद्याच्या उंचीवर तळहात ठेवलात. "या लाइनीत असन." मीही तिथे हात ठेवला. भिंत ओली होती. बराच वेळ तुम्ही काही बोलला नाहीत, त्याचेही आभार.

अवेळी भोंगा वाजला, म्हणजे खाणीत काहीतरी झालं, की आई हातातलं काम टाकून दारात यायची, हे मला तिथेच आठवलं. सगळ्या ओळीतल्या बाया दारात यायच्या. तेलुगू बोलणाऱ्या होत्या, छत्तीसगडच्या होत्या, आमच्यासारख्या वऱ्हाडातल्या होत्या. दसऱ्याआधी तेलुगू घरांत बतुकम्माची फुलं रचली जायची आणि आम्ही सगळ्या पोरी तिच्याभोवती फिरायचो.

पण मी ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते पुढचंच. आमची क्वार्टरची ओळ अजून उभी कशी, शेजारची जमीन तर वाडग्यासारखी खाली गेली आहे, असं मी विचारलं. तुम्ही नदीकडे हात केलात. कॉलनीखालचा कोळसा काढला तेव्हा ती जागा रिकामी ठेवली नाही. वर्धेच्या पात्रातली रेती पाण्यात कालवून पाइपानं आत सोडली. रेती आत बसायची, पाणी झिरपून निघायचं आणि ते पाणी पंपानं परत वर. तो पंप तुम्ही चालवायचा. तुम्ही पंपखलाशी होता, तिन्ही पाळ्यांत, खाण खासगी मालकाची होती तेव्हापासून, 1973 ला सरकारी झाली तेव्हाही. म्हणजे मी जन्मले ते घर नदीच्या रेतीवर उभं आहे, आणि ती रेती जागच्या जागी बसावी म्हणून तुम्ही रात्री जागलात. आमच्या घरात कुणी हे कधी बोललं नाही. बाबांना माहीत असणारच.

खाण बंद करताना शेवटचा स्विच तुम्हीच पाडलात. "इतकी वर्सं आवाज होता. थांबला त झोपच नाई लागली." पंप थांबला, खाण हळूहळू पाण्यानं भरली. आणि खाण चालू असताना आटलेल्या गावातल्या विहिरींना पुन्हा पाणी चढलं. तुमच्या स्वतःच्या विहिरीला लागलं, त्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा गहू पेरला. हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर आनंद होता की दुःख, मला ओळखता आलं नाही. दोन्ही असेल.

या पट्ट्यात असं आधीही झालं आहे. कोळशासाठी इंग्रजांनी वर्धेहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली, आणि वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंद पडली. पण तिथल्या पंपावरच्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. तुमचं मी लिहिलं असतं, पण तुम्हीच हात जोडून नको म्हणालात.

शेवटी तुम्ही मला नदीवर नेलंत. पाणी गढूळ, काठोकाठ. 2022 च्या जुलैचा पूर कुठवर आला होता ते बाभळीच्या खोडावर दाखवलंत, माझ्या डोक्याच्या वर. मुलताईच्या डोंगरातून निघालेली ही नदी थोडं खाली वढ्याला पैनगंगेला भेटते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, एवढं मी शाळेत शिकले होते. तिची रेती माझ्या घराखाली आहे हे तुम्ही शिकवलंत. पलीकडच्या काठावर टिटवी ओरडत होती, तुम्ही शिदोरीतली भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवलीत, आणि माझ्या दशम्या पिशवीतच राहिल्या.

काकाजी, कार्तिक पौर्णिमेला वढ्याच्या संगमावर जत्रा भरते. मी आईला घेऊन येते आहे. तिला आता फार चालवत नाही, पण बाबांचा बिल्ला नदीत सोडायचा की घरी ठेवायचा, ते तिला तिथेच ठरवायचं आहे. संगमावर उतरण्याआधी आम्ही बांधावर येऊ. तुम्ही सांगाल तिथूनच पाय टाकू.

तुमची,
लोडरच्या ओळीतली लेक