पोलिसांच्या बाजूने बोलणार कोण?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पोलीस आणि जनता यांचे संबंध सुधारावेत म्हणून शासन जेव्हा पोलिसांच्या प्रतिनिधींशी चर्चा करते, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला बहुतेक वेळा वरिष्ठ अधिकारीच बसलेले असतात. ज्यांना रोज लोकांच्या दारात उभे राहावे लागते ते बीट हवालदार आणि पोलीस पाटील या चर्चेत क्वचितच दिसतात.

गणेशोत्सवाआधी होणाऱ्या शांतता समितीच्या बैठकांना मी बरीच वर्षे जातो. पुढच्या रांगेत ठरलेली मंडळी, मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, चहा-बिस्किटे आणि शेवटी वहीवर सह्या, असा तो कार्यक्रम असतो. गेल्या खेपेस ती वही खुर्च्यांमधून फिरवणारा हवालदार चार वर्षे त्याच बीटवर होता. कोणत्या गल्लीत कोणाचे कोणाशी बिनसले आहे आणि ते कोणाच्या शब्दाने मिटेल, हे सभागृहातल्या कोणाहीपेक्षा त्याला अधिक ठाऊक होते. त्याला कोणीही बोलते केले नाही. निघताना मी तसे म्हणालो, तर हसून उत्तरला, ‘आमले कोन इचारस, दादा?’

यात एखाद्या साहेबाला दोष देण्यात अर्थ नाही. पोलिसांनी संघटना करण्यावर 1966च्या केंद्रीय कायद्याने बंधने आहेत आणि मुंबईत 1982 साली शिपायांचे आंदोलन झाल्यावर त्यांच्या संघटनेची मान्यताही गेली, त्यामुळे शिपायाने निवडलेला प्रतिनिधी असा कोणी उरलेलाच नाही. संघटना असावी की नसावी हा वाद मी येथे उकरून काढत नाही. पण माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायला संघटनेची गरज नसते. अधिकारी शिपायांची गाऱ्हाणी ऐकायला जो ‘दरबार’ भरवतात, त्यात शिपायाला तोंड उघडता येते खरे, मात्र तेथे गाऱ्हाणी असतात ती रजेची, बदलीची आणि गळक्या क्वार्टरची.

आमच्या साक्री तालुक्याला हा विषय कागदापुरता ठेवता येत नाही. 1 जुलै 2018 रोजी राईनपाड्याच्या आठवडे बाजारात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अशी अफवा मोबाइलवरून पाड्या-पाड्यांत पोहोचते, तेव्हा ती सर्वांत आधी पोलीस पाटलाच्या कानावर येते; 1967च्या ग्राम पोलीस अधिनियमाने गावची खबर ठाण्याला देण्याचे काम त्याच्याकडेच सोपवले आहे. मग लोकांचा विश्वास कसा मिळवावा हे ठरवताना त्याला का वगळावे?

प्रश्न भाषेचाही आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावर बाहेरून बदलून आलेला शिपाई पावरी किंवा भिलोरी न समजताच जबाब लिहायला बसतो, तेव्हा संबंध तेथेच बिघडू लागतात. इंग्रजांनी 1825 साली धरणगावी भिल्ल पलटण उभारली ती स्वतःचे राज्य टिकवण्यासाठी, त्यात कौतुकाचे काही नाही. पण मुलखातला माणूस बरोबर हवा, एवढे त्यांनाही उमगले होते.

तेव्हा गृह विभागाने पुढची चर्चा मुंबईत न ठेवता पिंपळनेर किंवा धडगावला, बाजाराचा दिवस सोडून ठेवावी. बीट हवालदार, महिला शिपाई आणि पोलीस पाटील यांना त्यांचे वरिष्ठ समोर नसताना बोलू द्यावे आणि कोण काय बोलले हे न सांगता त्या चर्चेचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, साक्री (जि. धुळे)