आमचे शिक्षण पदवीच्या दिवशीच संपले, असे शासनाने गृहीत धरले आहे काय? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : ऑप्टोमेट्रिस्टच्या निरंतर व्यावसायिक विकासाची (पदवीनंतरही चालू राहणाऱ्या शिक्षणाची) न झालेली व्यवस्था

महोदय,

सविनय नमस्कार. मी १९९८ साली ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शास्त्राची, पदवी घेतली आणि तेव्हापासून डोळे तपासण्याचेच काम करत आले आहे. गेल्या महिन्यात मला एका शासकीय कार्यालयाकडून दोन ओळींचे उत्तर मिळाले. गेल्या दहा वर्षांत मी पूर्ण केलेल्या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या तासांची नोंद कोणाकडे करायची, नोंदणीच्या वेळी ते तास धरले जातील का आणि पुढे नूतनीकरणासाठी किती तास लागतील, एवढेच मी विचारले होते. त्यावर ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे’ असे मला कळविण्यात आले. संबंधित विभाग कोणता, हे उत्तरात नव्हते. यापूर्वीच्या माझ्या दोन अर्जांनाही शब्दशः हेच उत्तर आले होते, आणि तिसऱ्यांदा ते वाचल्यावर बंद पाकिटातून लिहिण्यात अर्थ उरला नाही, असे वाटून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाला २८ मार्च २०२१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्या दिवशी आमच्यातल्या अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. कित्येक दशके हा व्यवसाय कोणत्याही राष्ट्रीय वैधानिक परिषदेविना चालला. चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणारी व्यक्ती आणि चार महिने काउंटरवर उभी राहून नंबर काढायला शिकलेली व्यक्ती, यांच्यातला फरक रुग्णाला सांगू शकेल असे देशभर चालणारे एकही सरकारी कागदपत्र नव्हते. या कायद्याने आम्हाला आरोग्यसेवा व्यावसायिक म्हटले, त्यासाठी किमान ३६०० तासांच्या शिक्षणाची अट घातली, केंद्रीय नोंदवहीची तरतूद केली, आणि कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत प्रत्येक राज्याने आपली परिषद स्थापन करावी असेही सांगितले. सहा महिने हा शब्द संसदेचा आहे, माझा नाही. तो पाळला गेला नाही, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. संसदेने केलेला कायदा अमलात आणा, हे सांगण्यासाठी न्यायालयाला बसावे लागते, याची खंत आपल्या मंत्रालयात कोणाला वाटली का, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

त्याच कायद्यात आयोगाच्या कामांची एक लांबलचक यादी आहे. अभ्यासक्रम, इमारती, अध्यापकांची पात्रता, परीक्षा, प्रशिक्षण आणि संशोधन यांच्या ओळीत ‘निरंतर व्यावसायिक शिक्षण’ हे शब्द येतात आणि लगेच पुढे शिक्षणशुल्काचा विषय सुरू होतो. माझ्या मते संपूर्ण कायद्यात रुग्णाच्या डोळ्याशी सर्वांत जवळचे शब्द तेच आहेत. ते मला इतके जवळचे का वाटतात, हे सांगण्यासाठी मला एक कबुली द्यावी लागेल.

२००८ साली माझ्याकडे पंधरा वर्षांचा एक मुलगा यायचा. त्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठी चष्म्यात द्यावा लागणारा नंबर, वाढत होता. दीड वर्षात मी त्याला तीन वेळा चष्मा बदलून दिला. रेटिनोस्कोपच्या, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढण्याच्या उपकरणाच्या, उजेडात त्याच्या बाहुलीतली सावली सरळ सरकण्याऐवजी कात्रीच्या पात्यांसारखी उघडझाप करताना मला दिसली होती, आणि तिचा अर्थ मला ठाऊकही होता. केराटोकोनस, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होत होत शंकूसारखा पुढे येणे. पण त्यात घाई करण्यासारखे काही असते, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी पदवी घेतली तेव्हा हा आजार थांबवणारा उपचारच नव्हता. चष्मा, मग कडक कॉन्टॅक्ट लेन्स आणि शेवटी कॉर्नियाचे प्रत्यारोपण, हाच क्रम आम्ही परीक्षेत लिहीत असू आणि तो बरोबर होता. क्रॉस-लिंकिंगने हा आजार रोखता येतो, हे दाखवणारे माणसांवरील पहिले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्नियाचे तंतू घट्ट करण्याची ही प्रक्रिया २००८ साली आपल्या देशातील मोठ्या नेत्ररुग्णालयांत सुरूही झालेली होती. मला ते माहीत नव्हते. ते मला माहीत असावे, अशी अपेक्षा कोणत्याही नियमाने, कोणत्याही परिषदेने, कोणत्याही वरिष्ठाने माझ्याकडून केलेली नव्हती. त्या मुलाच्या उजव्या कॉर्नियात अचानक पाणी भरले, तो फुगून पांढरा झाला आणि मागे डाग राहिला. त्याची आई मला म्हणाली, ‘मॅडम, आम्ही तर दर वेळी तुम्ही बोलावलंत तेव्हा आलो.’ हे वाक्य घेऊन मी आजवर जगत आहे.

महोदय, माझी पदवी खोटी नव्हती. ज्या वर्षी ती मिळाली त्या वर्षी ती पूर्ण खरी होती. ज्ञान पुढे गेले आणि मी तिथेच राहिले, आणि मला पुढे ढकलणारे कोणी नव्हते, एवढीच ही गोष्ट आहे. अशा गोष्टी आजही रोज घडत आहेत. मुलाला चष्म्याचा नंबर थोडा कमी द्यावा, म्हणजे तो वाढत नाही, ही समजूत मी अजून सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ९४ मुलांवर दोन वर्षे चाललेल्या अभ्यासात कमी नंबर दिलेल्या मुलांचा मायोपिया, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याचा दोष, मंदावण्याऐवजी अधिक वेगाने वाढल्याचे दिसले. तेव्हा जन्मलेली मुले आज स्वतः कमावती झाली, तरी ही गोष्ट आमच्या तपासणीच्या खोल्यांपर्यंत पोहोचलेली नाही. २०५० पर्यंत जगातील निम्म्या माणसांना मायोपिया असेल, हा २०१६ साली मांडलेला अंदाज आपल्या भाषणांसाठी कोणीतरी काढून देईलच; पण मायोपियाची वाढ मंदावणारे कमी तीव्रतेचे ॲट्रोपीनचे थेंब कोणत्या मुलासाठी सुचवायचे, डोळ्याची लांबी मोजून वाढीचा वेग कसा ठरवायचा, कोणत्या मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे तातडीने पाठवायचे, हे तपासणाऱ्याला कोण शिकवणार?

त्या मुलानंतर मी स्वतःहून शिकू लागले. यासाठी मी काय सोसले ते सांगते, आणि ते वाचायला आपल्याला अवघड वाटले तर वाटू द्यावे. बिनपगारी रजा घेऊन मी प्रशिक्षणांना गेले. परदेशातील व्याख्याने आमच्या वेळेनुसार रात्री दीड वाजता सुरू होत, ती मी घरातले सगळे झोपल्यावर ऐकली आणि सकाळी नऊला तपासणीला बसले. व्यवसायाने स्वतःच उभारलेल्या ऑप्टोमेट्री कौन्सिल ऑफ इंडियासारख्या ऐच्छिक व्यवस्थेने निदान एक दिशा दाखवली, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण ऐच्छिक व्यवस्थेत तेच येतात ज्यांना मुळात यायचे असते. माझ्या शेजारी काम करणाऱ्याने वीस वर्षांत एक पानही वाचले नाही, तरी त्याच्या आणि माझ्या सहीला रुग्णासमोर सारखीच किंमत आहे.

आणि जिथे तासांची मागणी निर्माण होते तिथे काय घडते, तेही मी पाहिले. अलीकडेच एका संस्थेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी शुल्क भरून गेले. पहिल्या दिवसाचे एक संपूर्ण सत्र एका कंपनीच्या काचांची माहिती देण्यात गेले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सभागृह निम्मे रिकामे झाले होते, आणि प्रमाणपत्रे मात्र नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला मिळाली, जे दोन्ही दिवस फिरकलेच नाहीत त्यांनाही. मी आयोजकांना विचारले, तेव्हा ‘सध्या विचारणारे कोणी नाही, तुम्ही कशाला त्रास करून घेता?’ असे मला सांगण्यात आले. त्यांचे म्हणणे खरे होते, म्हणूनच मला संताप आला.

आपले अधिकारी आता कदाचित एखादी घाईची अधिसूचना काढतील आणि ठरावीक वर्षांत ठरावीक तास, एवढे लिहून मोकळे होतील. वैद्यकीय व्यावसायिकांसाठी पाच वर्षांत ३० तासांची अपेक्षा २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलेली आहे. तिचीच नक्कल आमच्यासाठी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तास खुर्चीचे मोजले जातात, समजुतीचे नाही. ब्रिटनच्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलने १ जानेवारी २०२२ पासून आपली पद्धत बदलली. तिथे ऑप्टोमेट्रिस्टला तीन वर्षांत ३६ गुण मिळवावे लागतात आणि त्यांपैकी किमान १८ गुण परस्परसंवादी प्रशिक्षणातून यावे लागतात. सुरुवातीलाच स्वतःची विकास योजना लिहावी लागते, सहकाऱ्यांसमोर प्रकरणे मांडून त्यांवर चर्चा करावी लागते, शिकलेल्यातून आपल्या कामात काय बदलले याचा विचार लिहून दाखवावा लागतो, आणि हे न करणाऱ्याचे नाव नोंदवहीतून निघू शकते. ऑस्ट्रेलियात वर्षाला २० तास लागतात आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेल्यांना ३०. आकडा १८ असावा की ३६, यावर मी वाद घालणार नाही. मला त्यातली सहकाऱ्यांची चर्चा हवी आहे. २००८ साली त्या मुलाचा कागद मी चार सहकाऱ्यांपुढे ठेवला असता, तर त्यांपैकी एकाने तरी मला थांबवले असते.

म्हणून आपल्याकडे मागणे असे आहे की, तीन वर्षांचे चक्र ठरवावे आणि त्यातला निम्मा भाग प्रत्यक्ष रुग्णांच्या कागदांवरील चर्चेचा असावा. विक्रेत्याने आपल्या मालाची माहिती देणे हे शिक्षण म्हणून धरले जाऊ नये. दरवर्षी काही नावे चिठ्ठीने काढून त्यांच्या नोंदी खरोखर तपासल्या जाव्यात, आणि खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची मान्यता त्याच दिवशी जावी. प्रशिक्षण मराठीसह प्रत्येक राज्याच्या भाषेत आणि विनाशुल्क मिळावे, कारण जी मुलगी एकटीच एखाद्या तालुक्यात डोळे तपासते आहे, तिला शहरात येण्यासाठी दोन दिवसांची कमाई सोडायला लावून वर शुल्क मागणे हा अन्याय आहे. बाळंतपण किंवा आजारपणात खंड पडलेल्यांना मुदतवाढ मिळावी. आणि ज्यांनी कोणी सांगितले नसताना शिकून दाखवले, त्यांची मागील वर्षे पुसून टाकू नयेत.

हे सगळे मान्य होईल, असा विश्वास मात्र मला वाटत नाही, आणि त्याचे कारण एका आयोगापुरते नाही. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला; त्याने लाखो लोकांना मोतीबिंदूच्या अंधारातून बाहेर काढले, हे मी कृतज्ञतेने मानते. पण त्याच वाटेवर आपल्या यंत्रणेला एक सवय जडली. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती चष्मे वाटले, किती शाळा तपासल्या, हे आपण मोजतो. वाटलेला चष्मा बरोबर होता का, तपासलेल्या मुलातला काचबिंदू कोणाच्या नजरेतून सुटला का, हे कोणत्याही रकान्यात येत नाही. रकाना नसलेली गोष्ट आपल्या यंत्रणेला दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टी अहवालानुसार जगातील किमान २.२ अब्ज लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांपैकी किमान १ अब्ज लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपाय झालेला नाही. त्या माणसांपैकी कितीतरी जण सर्वांत आधी आमच्यासमोर येऊन बसतात. यंत्रे आम्हाला मिळतात, इमारतींची उद्घाटने होतात. त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाला आज काय येते, हे विचारण्याची मात्र कोणावरही जबाबदारी नाही. शिक्षक, परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ, कोणालाही विचारा. प्रत्येकाकडे न शिकता मिळालेल्या प्रमाणपत्रांची आणि शिकूनही न धरलेल्या वर्षांची हीच कहाणी असेल. प्रामाणिक माणसाला एकटे पाडायचे आणि मग लोक प्रामाणिक राहत नाहीत म्हणून भाषणे करायची, हे किती वर्षे चालणार?

२००८ पासून मी एक वही ठेवली आहे. चुकलेले किंवा थोडक्यात सावरलेले प्रत्येक प्रकरण, त्यातून मी काय शिकले आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी काय वेगळे केले, हे तिच्यात तारखेनिशी लिहिलेले आहे. पहिले पान त्या मुलाचे आहे. अशी नोंद दुसऱ्या एखाद्या देशात मला परिषदेपुढे ठेवावी लागली असती. इथे ती पाहणारे कोणी नाही. रुग्णांची नावे झाकून त्या वहीची छायाप्रत मी या पत्राच्या मूळ प्रतीसोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. ती संबंधित विभागाकडे पाठवली जाणार असेल, तर या वेळी त्या विभागाचे नाव आणि तिथे ती वाचणाऱ्या अधिकाऱ्याचे पद मला लेखी कळवावे.

आपली,
एक ऑप्टोमेट्रिस्ट