धाकट्याच्या भरतीबाबत

तीर्थरूप आप्पांस, बर्लिनहून साष्टांग नमस्कार.

धाकटा पहाटे रंकाळ्यावर धावतो, पण ‘राखीव दलात ढाल घेऊन उभे राहण्यात काय आहे, जायचे तर फोर्स वनच्या कमांडो पथकातच’ म्हणून तुमच्याशी वाद घालतो, असे आईकडून कळले. तुमची सारी नोकरी राज्य राखीव पोलीस दलात गेली. ते वाक्य तुम्हाला लागलेच असेल.

१ मे रोजी (तिकडे महाराष्ट्र दिनाचे संचलन चालू असेल) इथल्या क्रॉइत्सबर्ग भागात कामगार दिनाचा मोठा मोर्चा असतो. बंदोबस्ताला सुमारे शंभर-शंभर जणांच्या राखीव तुकड्या असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर ठळक क्रमांक असतो, म्हणजे हात उगारला तर कोणी उगारला हे शोधता येते. दहा हजार लिटर पाण्याचा मारा करणारी गाडी गल्लीत उभी होती, ती तशीच परत गेली. पुढे मात्र पिवळ्या जाकिटातले, नुसते बोलायला नेमलेले पोलीस फिरत होते. बिंदू चौकातल्या बंदोबस्ताविषयी तुम्ही सांगायचात, ‘जमावाला घरी जायची वाट मोकळी ठेवावी’, ते मला तिथे आठवले.

अतिरेक्यांशी गाठ पडली की हिशेब उलटा होतो. तिथे वाट बंदच करावी लागते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये विमानतळावर इस्रायली संघातल्यांना ओलीस धरणारे आठ अतिरेकी होते आणि पोलिसांचे नेमबाज पाचच, तेही या कामासाठी तयार केलेले नव्हते आणि त्यांच्याकडे वायरलेसही नव्हता. त्या हल्ल्यात अकरा इस्रायली आणि एक जर्मन पोलीस गेले. त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीने जीएसजी ९ हे अतिरेकीविरोधी पथक उभारायचे ठरवले आणि १९७७ मध्ये त्याने मोगादिशूला अपहृत विमानातील ओलिसांची सुटका केली. आपल्याकडेही २६/११ ला दिल्लीकडून एनएसजीचे कमांडो येईपर्यंत रात्र सरली. मग राज्याचे स्वतःचे फोर्स वन आले.

धाकट्याला एवढेच सांगा, की फोर्स वनचे पहिले जवान राज्याच्या पोलीस दलातूनच निवडले होते. राखीव दलाचा फॉर्म त्याने आधी भरावा. शिव्या खाऊनही लाठी खाली ठेवायला किती दम लागतो, हे त्याला तुमच्याइतके कोण शिकवणार? गुडघ्याचे तेल पाठवत आहे, आईला नमस्कार.

आपली,
थोरली