स्टुलावर बसवून माप घेणाऱ्या काकूंना

काकू,

गणपतीला बारा दिवस उरले होते. तुमच्या पडवीत ब्लाउजांच्या पिशव्यांचा ढीग, प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी टाचलेली. अशा वेळी कोणी स्वतः शिवून बिघडवलेली पलाझो घेऊन दारात उभं राहिलं, तर "गणपती झाल्यावर ये" असं सांगायला तुम्ही मोकळ्या होतात. तुम्ही मशीन थांबवलंत. लाकडी स्टूल पुढे ओढलंत, माझ्या कंबरेला एक पांढरी नाडी बांधलीत आणि म्हणालात, "बस."

त्या एका शब्दासाठी हे पत्र आहे.

याआधी दोन ठिकाणी विचारून झालं होतं. दोन्हीकडे उभ्यानेच माप घेतलं. सीट, म्हणजे बैठकीचा घेर, ४२ इंच, मग आसन, म्हणजे कंबरेपासून बैठकीपर्यंतची उंची, अमुक इतकं, असा हिशेब तोंडपाठ. पँट बसत नाही म्हटल्यावर एकीकडे ऐकायला मिळालं, "तुमचं अंगच तसं आहे." दुसरीकडे, "पलाझो ढगळच असते, त्यात काय बसायचं?" शिकलेल्या, अनुभवी माणसांनी असं म्हणावं याचा राग अजून गेलेला नाही. सीट ४२ असलेल्या सगळ्या बायकांचं आसन सारखं नसतं. एकीची कंबर उंच असते, दुसरीचं पोट पुढे असतं, तिसरीची बैठक सपाट. सीटला भागून हे कळणार कसं?

तुम्ही टेप कुशीला लावलात. नाडीपासून स्टुलाच्या फळीपर्यंत साडेअकरा इंच. त्यात बसण्या-उठण्यासाठी पाऊण इंच सैल, म्हणजे सव्वाबारा. बिघडलेल्या पँटचं आसन होतं अकरा. एवढा सव्वा इंच कुठून तरी भरून निघावा लागतो, म्हणून खाली बसलं की मागची कंबर खाली ओढली जात होती. हे आसन अंदाजाने वाढवून चालत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. ते फार खोल गेलं की पायऱ्या चढताना एक पाय उचलला की दुसऱ्या पायाचं कापडही वर ओढलं जातं, आणि जोर सगळा मधल्या शिवणीवर येतो. पाय कितीही रुंद असोत, वरचा भाग अंगाबरोबरच राहायला हवा.

मग तुम्ही पँट उलटी करून पुढचा-मागचा भाग एकमेकांवर ठेवलात. दोन्ही सारखे! लेंग्यासारखं एकाच घडीत बेतलेलं. दोन पायांच्या मध्ये येणारं आसनाचं पुढचं टोक सीटच्या सोळाव्या हिश्शाइतकं, अडीच इंचांच्या आसपास, आणि मागचं आठव्या हिश्शाइतकं, सव्वापाच, हा फरकच त्यात नव्हता. मागची कंबर मधोमध इंच-सव्वा इंच उंच नव्हती. पुढे जांघेपासून तिरप्या फुटणाऱ्या सुरकुत्या दाखवून तुम्ही म्हणालात, "चूक तुझ्या आंगाची नाय गो, आसनाची आसा."

काकू, हे वाक्य किती जणींना ऐकायला हवं आहे, तुम्हाला कल्पना नसेल. कपडा बसला नाही की बाई आधी आरशाला दोष देते, मग स्वतःला. टेपला कोणी देत नाही.

जुनी चादर फाडून तिच्यावर आधी बेतायला लावलंत, तेही पटलं. ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड एका चुकीच्या कातरीने वाया जातं, चादरीचं काय जातं? दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी आधी, मग एक पाय सुलट करून दुसऱ्यात घालायचा आणि आसन एका दमात, दुहेरी टाक्याने शिवायचं. कापडाचा उभा धागा पायाच्या मधोमध सरळ उतरला नाही तर चालताना पाय पिळतो. हे शिवणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं, तरी घाईत तेच सुटतं.

होजिअरीच्या, म्हणजे बनियनसारख्या ताणणाऱ्या विणीच्या, टॉपचं दुखणं तुम्ही नुसतं बोट फिरवून ओळखलंत. टाके सुटत होते, आणि सगळ्यांचा सल्ला एकच होता, "नवं मशीन घ्या." तुम्ही सुई काढून तिचं टोक नखावर घासलंत. साधी टोकदार सुई होजिअरीच्या फासांमध्ये शिरत नाही, फासालाच भोसकते. कापड सुईबरोबर खाली-वर होतं, दोऱ्याचा फास नीट पडत नाही, खालचा दोरा गुंतवणाऱ्या शटलला तो सापडत नाही आणि टाका सुटतो. गोल टोकाची ११ नंबरची बॉल पॉइंट सुई फास बाजूला सारून जाते. तुमच्या डबीत त्या दोनच होत्या. पावडर लावून, मेणकागदात गुंडाळलेल्या, कारण आपल्या खाऱ्या हवेत उघडी सुई एका पावसाळ्यात तांबेरते. त्यातली एक तुम्ही माझ्या हातावर ठेवलीत, आणि पैशांचा विषय निघायच्या आत पुन्हा ब्लाउजाकडे वळलात.

त्याच काळ्या, सरळ टाक्याच्या मशीनवर टॉप झाला. दाबपट्टीचा वरचा स्क्रू सैल, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा कमी, दोरा पॉलिएस्टरचा, आणि शिवताना कापड दोन्ही हातांनी अगदी किंचित ताणलेलं. तो किंचितपणा महत्त्वाचा, कारण जास्त ताणलं की शिवणीला लाटा येतात. अजिबात न ताणता शिवलं तर घालताना टाका तटकन तुटतो. खांद्याच्या शिवणीत सुती फीत घातली, म्हणून खांदा लोंबत नाही. गळ्याची गोलाई २२ इंच होती, पट्टी पावणेएकोणीस घेतली, वर शिवणीचं माप. पट्टी गळ्याएवढीच कापली असती तर गळा उभा राहिला असता. कापड आधी धुऊन, सावलीत आडवं पसरून वाळवलं होतं, कारण सुती होजिअरी आटते ती मुख्यतः उंचीत.

ज्ञान पुष्कळांकडे असतं. समोरच्या माणसाला बसायला सांगून, त्याच्याकडे नीट बघून ते द्यायचं, तेही आपला धंदा ऐन भरात असताना, हे फार थोड्यांना जमतं. त्यात कसला आविर्भाव नव्हता. जाताना चहा घेऊन जा, असंच म्हणाल्यासारखं होतं.

पँट आता बसते. खाली बसून नारळ खोवला, एसटीची उंच पायरी चढले, कंबर हलली नाही. खालची दुमड दोन इंचांची ठेवून धावदोऱ्यावरच सोडली आहे. सध्या ती घोट्याच्या वर आहे, तांबड्या चिखलातून वाचावी म्हणून. दसऱ्यानंतर रस्ते सुकले की ती उसवून जमिनीपासून अर्ध्या इंचावर आणेन आणि मगच पक्की शिवेन.

तुमची पांढरी नाडी माझ्याकडेच राहिली आहे. परत द्यायला येईन तेव्हा तीच पँट घालून येईन.

तुमची,
सव्वाबारा इंच आसनवाली