मीठ म्हातारं होत नाही

हर्णै, एप्रिल

ती. आई-बाबांना,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "वेंगुर्ल्याक उपासनेक जावक जमना नाय, पोरांका शिकवक जमना नाय. आता आमची साक्ष ती खयची?" आई काहीच बोलली नाही, पण फोन ठेवताना तिचा आवाज बसला होता. तेव्हापासून ते बोलणं मनातून जात नाही. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. बाबा, आपली साक्ष, म्हणजे जगण्यातून प्रभूची ओळख देणं, आता संपली हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, प्रभू आपल्या शिष्यांना पृथ्वीचं मीठ म्हणतो; त्यातलं बाहेर टाकायचं 'निःसत्त्व मीठ' तुमच्या मनात सलतंय, हे मला कळतं. पण शिरोड्याच्या माणसाला मीठ कशाने बिघडतं हे कुणी शिकवायला नको. ज्या मिठागरांवर १९३०च्या मे महिन्यात सत्याग्रही उतरले, त्यांच्या बांधावरून तुम्हीच मला हिंडवलंत. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास. आधी चुनखडीसारखा गाळ बसतो, मग मीठ धरतं, आणि शेवटी उरलेलं कडू पाणी वेळेवर सोडून दिलं नाही तर सगळा माल कडवट आणि ओलसर होतो. नीट शाकारलेली कोरडी रास कितीही जुनी झाली तरी मीठच राहते. तीच पावसात उघडी पडली की खारटपणा पाण्याबरोबर निघून जातो आणि खाली पांढरट माती उरते. दिसायला मिठासारखी, जिभेवर काही नाही. ती मग वाटेवरच टाकायची, लोकांनी तुडवायला. प्रभूने सांगितलं ते हेच. वयामुळे मीठ जात नाही, बाबा. आणि तुमच्यातला खारटपणा वाहून गेल्याचं मला तरी कुठे दिसत नाही.

तुम्ही रविवारच्या शाळेत काय शिकवलंत ते मला थोडंच आठवतं, हे खरं सांगतो. मला आठवतात तुम्ही पोस्टमन म्हणून वाटलेल्या मनीऑर्डरी. मुंबईच्या मुलाने पाठवलेले पैसे घेऊन तुम्ही एखाद्या म्हातारीच्या ओटीवर बसायचात. अंगठा उठवायच्या आधी नोटा तिच्या हातात एकेक करून मोजायचात, मग तिच्याकडून मोजून घ्यायचात. मोजता येत नसेल तर सुनेला बाहेर बोलवायचात. चहापाण्याला म्हणून ती काही पुढे करायची, ते तुम्ही तिच्याच पदराच्या गाठीत परत बांधून द्यायचात. मी सायकलला टेकून हे बघत असायचो. येशूचं नाव त्या ओटीवर कधी निघालं नाही, पण तुम्ही कोण आणि कुणाचे हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

इथे बंदरावर संध्याकाळी लिलाव झाला की माल आमच्या काट्यावर येतो. क्रेटमधलं बर्फाचं पाणी निथळू द्यायचं, रिकाम्या क्रेटसकट काटा शून्यावर आणायचा, मग मासळी ठेवायची. मागे एका खरेदीदाराने सुचवलं, क्रेटचं वजन थोडं जास्त धर, इतक्या गडबडीत कोण बघतंय. मी त्याच्यासमोरच काटा परत शून्यावर आणला. तो चिडला, पुढे काही दिवस त्याने माल दुसरीकडे नेला. मासळी घेऊन आलेल्या एका खारवी बाईने ते पाहिलं होतं. तिने नंतर विचारलं, "तुझं नुकसान करून का रे घेतलंस?" तेव्हा मी तिला तुमच्या मनीऑर्डरींची गोष्ट सांगितली, आणि मग नीतिसूत्रांतलं खोट्या तागडीचं वचनही सांगितलं. तिने विचारलं म्हणून सांगितलं. पेत्राने पहिल्या पत्रात हीच रीत घालून दिली आहे: आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने.

प्रकाशाबद्दल मात्र मी पुष्कळ घोटाळलो होतो. पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तुमची चांगली कामं लोकांना दिसू द्या. सहाव्यात म्हणतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. हे दोन्ही एकत्र कसं पाळायचं? त्याचा उलगडा मला इथल्या समुद्रावर झाला. रात्री खोल पाण्यात एलईडीचे झगझगीत दिवे सोडून मासळी जमवतात आणि लहानमोठी सगळी ओढून घेतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांची ओरड अजून थांबलेली नाही. तोही उजेडच, पण ज्याच्यावर पडतो त्याला पकडण्यासाठी लावलेला. आपली मदत, आपलं प्रेम जर कुणाला ओढून आणण्यासाठी असेल, तर आपणही तेच दिवे घेऊन बसलो. प्रभूने सांगितलेला दिवा दिवठणीवरचा, घरातल्या सगळ्यांसाठी. त्यात ज्याला त्याला आपली वाट दिसते, आणि गौरव होतो तो स्वर्गातल्या पित्याचा. आपल्यावर आमिषाचा संशय घेणारे लोक आहेत. त्यांना शब्दांनी उत्तर देण्यापेक्षा आपल्या दयेला गळ नाही हे त्यांना दिसत राहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

इथे आल्यावर एक गोष्ट कळली. स्कॉटिश मिशनरी १८२०च्या दशकात बाणकोट-हर्णैला होते, आणि १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन मराठी शिकले तेही याच भागात. पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. बंदरावर मी ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणालाही हे नाव माहीत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. विरघळलेलं मीठ कुणी शोधत बसत नाही.

आता तुमचंच बघा. शेजारची सून रात्री नवऱ्याच्या दारूला भिऊन आपल्या पडवीत येते आणि आई तिला काही न विचारता पेज वाढते. पेन्शनचे, बँकेचे फॉर्म घेऊन माणसं अजून बाबांकडेच येतात, कारण इथली गोष्ट दुसरीकडे जात नाही हे त्यांना माहीत आहे. उपासना चुकते याचं दुःख मला कमी लेखायचं नाही, त्या भाकरीची आणि प्याल्याची ओढ मी समजू शकतो. म्हणून मी पाळकसाहेबांशी बोललो आहे. महिन्यातून एकदा ते घरी येऊन प्रभुभोजन देतील. शेजाऱ्यांपैकी कुणाला तेव्हा पडवीत बसायचं असेल तर बसू दे, कुणाला बोलावणं मात्र नको.

मे महिन्याच्या शेवटी मी येतोय. माडांना मीठ घालायचं काम माझ्यासाठी ठेवा, बाबा, गोणी स्वतः उचलू नका. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येताना दापोलीहून घेऊन येईन. आईला सांगा, सोलं आणि कुळथाची पिठी काढून ठेव.

तुमचाच,
बाबू