मावशींची जागा रिकामी ठेवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा बडोद्यातल्या काही लहान कन्याशाळांत मावशी, म्हणजे शाळेच्या शिपाईबाई, नसतील. त्या निवृत्त झाल्या की जागा भरायची नाही आणि सकाळी तासभर येऊन झाडलोट करून जाणारी कंत्राटी माणसे लावायची, असा रिवाज पडत चालला आहे. पट घसरला, खर्च झेपत नाही, ही संस्थाचालकांची अडचण खोटी नाही. पण मावशींचे काम कागदावर कुठे मांडलेलेच नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकसंख्या आहे, मुलींचे वेगळे स्वच्छतागृह आहे, पिण्याचे पाणी, कुंपण, ग्रंथालय, खेळाचे साहित्यही आहे. मावशी नाहीत. त्यामुळे काटछाटीत पहिला नंबर त्यांचाच लागतो.

सर्वांत आधी बिघडते ते स्वच्छतागृह. सकाळी सातला धुतलेले स्वच्छतागृह मधल्या सुट्टीनंतर वापरण्याजोगे राहत नाही. मावशी असतील तर सुट्टी संपताच दोन बादल्या पाणी आणि खराटा फिरतो. त्या नसतील तर मोठ्या वर्गातल्या मुली तिकडे जाणे टाळतात, जावे लागू नये म्हणून पाणी पिणेच सोडतात. मग उन्हाळ्यात डोकेदुखी, चक्कर, लघवीची जळजळ सुरू होते, आणि पाळीच्या दिवसांत तर काही मुली घरीच बसतात. हजेरीपटावर नुसती गैरहजेरी दिसते, तिचे कारण कुणी लिहीत नाही.

मावशींच्या खोलीतले एक लहान कपाट म्हणूनच शाळेतल्या कुठल्याही कपाटाहून महत्त्वाचे असते. त्यात पॅड, दोन-तीन मापांच्या जास्तीच्या सलवारी, जुनी वर्तमानपत्रे आणि गरम पाण्याची पिशवी. किल्ली मावशींच्या कमरेला. हीच किल्ली कार्यालयात कारकुनाच्या टेबलावर ठेवली, की मुली मागायला येत नाहीत. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकायचे, संडासात नाही, हे सहावीतल्या मुलीला हळू आवाजात सांगणाऱ्याही मावशीच. पॅडमधला पाणी शोषणारा थर नळात फुगतो आणि पाइप तुंबतो. मग भिंत फोडावी लागते. त्या खर्चाचा हिशेब मावशींच्या पगाराशेजारी मांडून पाहावा.

पाण्याचेही तसेच. विश्वामित्रीला पूर आला की खोलगट वस्तीतल्या शाळांच्या तळटाकीत गढूळ पाणी शिरते. ऑगस्ट २०२४ मध्ये शहराने हे पाहिले. अशी टाकी पूर्ण उपसून, गाळ काढून, भिंती घासूनच पुन्हा भरायची. भरल्यावर हजार लिटरला सुमारे ४ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. ती थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि किमान अर्धा तास थांबून मगच नळ सोडावा. पुडा उघडा राहिला तर क्लोरीन उडून जातो आणि उरते ती नुसती पांढरी भुकटी. आणखी एक धोका आहे: संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र झाले की विषारी वायू निघतो. रोज बदलणाऱ्या कंत्राटी माणसाला हे कुणी सांगितलेले नसते.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर मळमळते, म्हणून त्या प्रार्थनेच्या वेळी न देता जेवणानंतर द्याव्या लागतात. वाटतात बाई; पण कुणाचा डबा तसाच परत चालला आहे, हे मावशींना ठाऊक असते.

शाळा सुटतानाचा अर्धा तास सर्वांत जोखमीचा. लहान वर्ग दहा मिनिटे आधी सोडायचे, फाटकाची एकच झडप उघडायची, आणि कुणाला कोण न्यायला येते हे तोंडपाठ हवे. कुणाची आजी, कुणाचा मामा, कुठल्या रिक्षात कोण आणि कितीजणी. नेहमीचे रिक्षावाले काका आले नाहीत तर मूल आत बसवून घरी फोन लावायचा. कॅमेरा चेहरा टिपून ठेवतो, पण अनोळखी माणसाला फाटकाशी अडवत नाही. जुन्या विद्यार्थिनी लग्नपत्रिका घेऊन येतात तेव्हा मुख्याध्यापिकांच्या आधी मावशींना शोधतात, हे उगाच नाही.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेही मुलींसकट. त्यांच्या बडोद्यातल्या कन्याशाळांना एक पूर्णवेळ मावशी जड होऊ नये. संस्थाचालकांना आमची विनंती आहे की जागा निवृत्तीपूर्वीच भरावी. नव्या मावशींना जुन्या मावशींबरोबर निदान महिनाभर काम करू द्यावे, म्हणजे किल्ल्या, टाकी आणि मुलींना न्यायला येणारी माणसे यांची ओळख होईल. कामाची वेळ पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधीपासून शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत धरावी, आणि पगारही त्याच हिशेबाने द्यावा. एका शाळेला खर्च खरोखरच पेलत नसेल तर माजी विद्यार्थिनींकडे मागावा. स्नेहसंमेलनाच्या मांडवासाठी वर्गणी निघते, तशी यासाठीही निघेल.

आपल्या,
कन्याशाळांतील काही निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे